शहाडची अकरा पत्रे

भोईर सर, शहाडच्या मुलांची अकरा पत्रे माझ्या हातून पुसली गेली होती, हे तुम्हाला ठाऊक होते का?

या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेला आठवडाभर मी रोज सकाळी तुमच्या ओटीवरच्या संगणकापुढे बसले. प्रश्न माझा नव्हे, तो वहिनींमुळे निर्माण झाला. तुमचे तेरावे झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी सहज डोकावले, तेव्हा चहाचा कप पुढे करत वहिनी म्हणाल्या, "बाई, त्या शहाडच्या पत्रांचं काय झालं वो शेवटी? हे लय दिवस अकरावं अकरावं करत होते. मना काय समजलं नाय."

मला मात्र समजले, आणि कप खाली ठेवावा लागला. पत्रे अकरा होती, हे जगात एकट्या मला ठाऊक आहे, अशी माझी दोन वर्षे समजूत होती.

ज्या वाचकांना हे सारे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडे मागे जाते. तुम्हाला क्रम सोडलेला आवडत नसे, म्हणून क्रमानेच सांगते. आपण डोंबिवलीच्या एकाच शाळेत शिकवले, तुम्ही विज्ञान आणि मी गणित. निवृत्तीनंतर तुम्ही ‘शंकापेटी’ सुरू केली. शहाड, विठ्ठलवाडी, शीळफाट्याच्या बाजूची गावे, इथल्या शाळांतील मुलांनी ईमेलने शंका विचारायच्या आणि आपण दर शनिवारी एकच पत्र लिहून त्यांची उत्तरे सर्वांना पाठवायची. तेच हे शनिवारचे पत्र. या पत्राच्या वाचकांना दर आठवड्याला उत्तर वाचायची सवय आहे, म्हणून मीही उत्तरच लिहिते आहे.

पत्रे आणायला एक प्रोग्रॅम, त्याचे नाव फेचमेल, पोहोचवायला दुसरा. दोन्हींना ना चित्रे ना बटणे. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची आणि आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा देऊन पर्याय लिहायचा. पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारले होते, "सर, सगळं जग बटण दाबतं, आपल्याला हे संस्कृत कशाला?" तुम्ही म्हणालात, "बाई, बटण दाबलं की काय मागितलं ते आपण विसरतो. लिहिलं की निदान मागणं तरी उरतं."

ते मला पटले, कारण मी गणिताची. उत्तर चुकले तरी चालेल, पायऱ्या दाखवा, असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आले. पर्यायांची माहिती देणारी पाने मी तुमच्याकडून छापून घेतली आणि त्यांची मराठी यादी केली. तीन रकाने: पर्याय, अर्थ, केव्हा वापरावा. ‘चेक’ म्हणजे पत्रे न आणता ती आहेत का एवढेच विचारणे. ‘ऑल’ म्हणजे जुनी आणि नवी, सगळी पत्रे आणणे. ‘कीप’ म्हणजे आणलेल्या पत्राची मूळ प्रत पलीकडच्या पेटीत राहू देणे. हे सांगितले नाही, तर फेचमेल पत्र आणून झाल्यावर पेटीतले काढून टाकतो. आणि ‘फ्लश’ म्हणजे पेटीतली जुनी पत्रे काढून टाकून मग नवी आणणे.

पत्रे धाडणाऱ्या प्रोग्रॅमचा एक पर्याय तुमच्या विशेष आवडीचा होता: ‘प्रिटेंड’. तो दिला की प्रोग्रॅम कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या नावाने पत्र पाठवणार ते सगळे लिहून दाखवतो, पण पाठवत काहीच नाही. तुम्ही त्याला ‘सोंग’ म्हणत असा. दर शनिवारी मी पाठवण्याची आज्ञा लिहायला घेतली की मागून आवाज येई, "बाई, कवरी घाई! आधी सोंग घ्या, मग देव्हाऱ्यात जा." तुमचे प्रमाण मराठी फळ्यापुरते होते, मन प्रसन्न असले की तुमच्या गावची बोली आपोआप बाहेर येई, आणि शंकापेटीच्या सकाळी तुमचे मन बहुतेक प्रसन्नच असे.

आपले भांडण ‘कीप’वरून होते. माझे म्हणणे, मूळ प्रत राहू द्या. तुमचे म्हणणे, पेटी रिकामी हवी.

"पोष्टमन पेटीतली पत्रं काढतो आणि परत पेटीत ठेवतो का?" तुम्ही विचारत असा.

"पोष्टमन पत्र हरवतो तेव्हा काय करता?"

"पोष्टमनला मेमो देतो. तुम्हाला कोण देणार?"

"मी कशाला हरवीन? माझ्याकडे यादी आहे."

माझ्या या वाक्यावर तुम्ही हसला होतात. ते हसू आता वेगळ्या अर्थाने आठवते.

ज्या दिवशी ते घडले, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पुतण्याच्या हळदीला गेला होतात. गावातली हळद म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस घरी परतत नाही. त्या संध्याकाळी मी घरी बसून मोबाइलवर शंकापेटी उघडली. तसे करायची काही गरज नव्हती. पण शहाडच्या शाळेतून त्या दिवशी नदीविषयी प्रश्न येणार होते आणि मला राहवले नाही. चष्मा पुसून पुसून मी ते वाचले. शाळेत संगणक एकच, त्यामुळे मुलांनी पाळीपाळीने टाइप केलेले, खाली नुसती पहिली नावे, आणि पत्ता सगळ्यांचा एकच, शाळेचा. किती पत्रे होती ते मोजले नाही. गणिताच्या शिक्षिकेने मोजले नाही, हेही नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे येऊन मी एकटीच संगणकापुढे बसले. वहिनी हळदीच्या घरी. आधी ‘चेक’ केले. उत्तर आले: चौदा पत्रे, त्यांपैकी अकरा पाहिलेली. मी असा अर्थ लावला की ‘पाहिलेली’ म्हणजे फेचमेलने पाहिलेली, म्हणजे पूर्वी आणून झालेली, म्हणजे तुमच्याकडून पेटीत राहून गेलेला केर. तुम्ही रिकाम्या पेटीची एवढी महती सांगता आणि स्वतः मात्र अकरा पत्रे मागे ठेवता! तास संपला की फळा पुसून वर्गाबाहेर पडायचे, ही सवय माझ्या हाताला तीस वर्षांची. दुसऱ्या तासाच्या शिक्षकांना पुसायला लागू नये, हा शिष्टाचार. तुम्ही परत याल तेव्हा पेटी स्वच्छ असावी, असे वाटले. यादीत पाहिले, आज्ञा लिहिली, दोन रेघा दिल्या आणि ‘फ्लश’ लिहिले.

पडद्यावर अकरा ओळी आल्या, प्रत्येकीत पत्र काढून टाकल्याची नोंद. मग तीन पत्रे आली. ती उघडली, तर तिन्ही मला अनोळखी होती.

तेव्हा कळले. मी आदल्या संध्याकाळी जी वाचली होती, ती या तिन्हींत नव्हती. पेटीकडे पाहणारे डोळे कोणाचे, हे यंत्र विचारत नाही. माझ्या मोबाइलवर उघडलेले पत्र हे त्याच्या लेखी पाहिलेले, आणि म्हणून जुने. फेचमेलने ती अकरा पत्रे कधी आणलीच नव्हती. जी पत्रे मला वाचावीशी वाटली, नेमकी तीच गेली. मूळ माहितीपत्रात ‘फ्लश’पुढे नेमकी हीच सूचना आहे: दुसरीकडून पत्रे वाचत असाल तर हा पर्याय धोक्याचा. मी ती वाचलीही होती. यादीत उतरवली नाही, कारण तिसरा रकाना अरुंद पडला.

ती पत्रे आणायला ‘ऑल’ हा पर्याय होता. माझ्या यादीत तो ‘फ्लश’च्या दोन ओळी वर आहे.

मी पडदा पुसला. अकरा ओळी दिसेनाशा झाल्या. तुम्ही दुपारी आलात, कपाळाला हळद तशीच. आल्या आल्या विचारलेत, "किती आली?"

"तीन," मी म्हटले.

"शहाडची?"

"नाहीत. सुट्टी असेल त्यांना."

तुम्ही क्षणभर पडद्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "असेल."

सर, मी मुलांना खोटे बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केलेले आहे. चुकीबद्दल कधी नाही, लपवल्याबद्दल नेहमी. त्या दुपारी शाळेला फोन करून ‘पत्रे गेली, पुन्हा पाठवा’ एवढे सांगता आले असते. पण तो फोन तुमच्यासमोर करावा लागला असता. घरी गेल्यावर मी मोबाइलवरून शंकापेटी काढून टाकली आणि पुन्हा कधी घातली नाही.

आता पुढच्या मंगळवारचे. तुम्ही प्रयोगवही उघडलीत. एका बाजूला आखीव पान, दुसऱ्या बाजूला कोरे, आपल्या शाळेत मुले वापरायची तशी. शंकापेटीचा प्रत्येक खटाटोप तुम्ही तिच्यात लिहीत असा: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता. पेन हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "बाई, शहाडकडून काही आलं नाही. पण नदीवर लिहायचं ठरलंय, तर लिहून टाकू. ती मुलं काय विचारतील, तुम्ही अंदाजानं सांगा. मी लिहून घेतो."

मला वाटले, देवच पावला. तुम्हाला संशय न येता हरवलेले प्रश्न परत पेटीत टाकायची ही संधी. मी विचार करण्याचे नाटक केले, खिडकीबाहेर पाहिले, मग सांगायला लागले. जलपर्णी पाण्यावरच राहते, मग तिला मुळे कशाला? पाणी गढूळ झाले की माशांना समोरचे कसे दिसते? थंडीत सकाळी नदीतून वाफ येते, मग नदी गरम असते का? आमच्या नळाला नदीचेच पाणी येते, तर ते पाणी कुठे धुतात?

तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. मी म्हटले, "आणि असंही विचारतील, की नदीत दगड टाकला की गोलच लाटा उठतात, चौकोनी दगड टाकला तरी. असं का?"

तुमचे पेन थांबले. "चौकोनी दगड टाकला तरी," तुम्ही सावकाश म्हणालात. "बाई, तुमचा अंदाज फार बारीक लागतो हो."

"तीस वर्षं मुलांत काढलीत सर."

"ती मी पण काढलीत. मला नाय सुचलं."

त्या दिवशी दहा प्रश्न झाले. तुम्ही विचारलेत, "अजून एखादा?" मी आठवून पाहिले. काही आठवेना. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा विचारलेत, "नदीचा अजून एखादा प्रश्न?" तिसऱ्यालाही. मी शेवटी वैतागले: "सर, नदी संपली आता, पुढचं घ्या." शनिवारच्या पत्रात दहा उत्तरे ‘शहाडच्या मित्रांसाठी’ अशा मथळ्याखाली गेली. मुलांनी कळवले, उत्तरे आवडली. मी मनात हिशेब मिटवला.

आणि त्याच शनिवारपासून पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ घालायला लागलात: ‘कोणाचा प्रश्न राहून गेला असल्यास त्याने तो पुन्हा विचारावा.’ मुद्रिते तपासायचे काम माझे. मी ती ओळ काढली. पुढच्या आठवड्यात ती परत आली. मी परत काढली.

"दरवेळी तेच वाक्य कशाला? ज्याला विचारायचं तो विचारतोच."

"राहू द्या हो बाई. एका ओळीनं काय होतंय?"

"एका ओळीनं पान वाढतंय."

पाच-सहा शनिवार हे चालले. मग ती ओळ यायची थांबली. मी जिंकले असे मला वाटले.

वहिनींच्या ‘अकरावं’ या शब्दावरून मी जो तपास केला, तो आता सांगते. पहिल्या दिवशी मी ती फाइल उघडली जी मी दोन वर्षे न उघडता वापरत होते. हळदीनंतरच्या आठवड्यात तुम्ही मला म्हणाला होतात, "एवढ्या रेघा कशाला लिहिता? आता नुसतं ‘टपाल’ लिहा, सगळं आपोआप होईल." मी दोन वर्षे ‘टपाल’ लिहिले. त्या फाइलीत आत एकच आज्ञा आहे, आणि तिच्यापुढे दोन पर्याय: ‘ऑल’ आणि ‘कीप’. कोणी आधी वाचलेले पत्रही येईल आणि आलेले पत्र पेटीतून जाणार नाही, अशी ती रचना; पुन्हा आलेल्या प्रती मला दिसण्याआधी गाळायची सोय तुम्ही वेगळी केलेली. म्हणजे ‘कीप’ हवे की नको यावर तुम्ही माझ्याशी पुढची दोन वर्षे भांडत होतात, तेव्हा ‘कीप’ आधीच दिलेले होते. मी मुद्दे मांडत होते, तुम्ही पोष्टमनचे दाखले देत होतात, आणि निकाल फाइलीत लिहून ठेवलेला होता! हे कळल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले. वहिनी आतून बघायला आल्या.

पण यावरून तुम्हाला माझी चूक ठाऊक होती असे सिद्ध होत नाही. मन बदलले, एवढेच सिद्ध होते. दुसऱ्या दिवशी दुसरा पुरावा मिळाला. पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक ओळीची प्रत एका वेगळ्या फाइलीत जाईल, अशी सोय तुम्ही पूर्वीच केली होती. मी पडदा पुसला होता, नोंद पुसली नव्हती. त्या सकाळची माझी आज्ञा तिथे आहे, आणि खाली अकरा ओळी. पण तुम्ही ती फाइल वाचली होती का? तेही सिद्ध होत नाही.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींना प्रयोगवही मागितली. त्या म्हणाल्या, "हे गेले तवापासून कपाट उघरलंच नाय मी. बाई, तुमीच बघा." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

ते पान मी जसेच्या तसे उतरवते.

‘उद्देश: शहाडची पत्रे परत मिळवणे. साहित्य: बाईंची स्मरणशक्ती. कृती: अंदाज म्हणून विचारावे. निरीक्षण: अकरापैकी दहा मिळाली. चौकोनी दगड अस्सल आहे. अनुमान: बाईंनी पत्रे आदल्या दिवशी वाचली असावीत. वाचली म्हणून गेली. वाचली म्हणूनच परत मिळाली. दक्षता: शाळेला फोन करू नये, बाईंना कळेल. त्या आपण होऊन सांगतील.’

समोरच्या कोऱ्या पानावर एक ते अकरा आकडे. दहांपुढे प्रश्न तुमच्या अक्षरात. अकराच्या पुढे काही नाही.

मी ते वहिनींना मोठ्याने वाचून दाखवले. ‘त्या आपण होऊन सांगतील’ ही ओळ दोनदा वाचली. वहिनी म्हणाल्या, "मग सांगा की. बसलेत ते हितंच कुठंतरी ऐकत."

म्हणून सांगते आहे. सर, ती पत्रे मी पुसली. सुट्टी नव्हती. उशीर दोन वर्षांचा आहे आणि तुम्ही वाट पाहिलीत.

तपासाने एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. तुम्ही मला वाचवायला सोंग घेतलेत, ते तुम्हाला शोभले. पण तुम्ही आणि मी एकमेकांची लाज राखत होतो तेव्हा शहाडच्या वर्गात एक मूल होते, ज्याने दहा मित्रांची उत्तरे वाचली आणि आपले शोधले. ‘अजून एखादा?’ असे तुम्ही तीनदा विचारलेत ते त्याच्यासाठी. ती ओळ घातलीत तीही त्याच्यासाठी, आणि मी पान वाढते म्हणून ती काढत राहिले. यावर आपले खरे भांडण व्हायला हवे होते. तुम्ही मला रागवायला हवे होते सर. तुम्ही चुकीच्या ठिकाणी मवाळ होतात, असे माझे मत आहे. यावरचे तुमचे उत्तर मला ऐकायला आवडले असते.

आठवड्याभरात मी अकरावा प्रश्न आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्यात पुलाचा उल्लेख होता असे कधी वाटते, कधी वाटत नाही. अंदाजाने काही लिहून ती जागा भरणार नाही. कोऱ्या पानावर अकरावा आकडा तुम्ही रिकामा ठेवलात, तसाच तो आहे.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी सोंग घेतले. सगळे नीट आहे असे दिसले. आता ते खरे पाठवते.

वाचकहो, ‘फ्लश’बद्दल मी जे लिहिले ते माझ्या यादीवरून मानू नका. मूळ माहितीपत्र उघडा आणि त्यातली सूचना स्वतः वाचा. आणि दोन वर्षांपूर्वी शहाडच्या शाळेतून ज्यांनी नदीविषयी लिहिले होते, त्यांनी भोईर सरांच्या हातची दहा प्रश्नांची यादी या पत्राला जोडली आहे, ती पाहावी. आपला प्रश्न तिच्यात आहे का, हे ज्याने त्याने स्वतः तपासावे.

कोणाचा प्रश्न राहून गेला असल्यास त्याने तो पुन्हा विचारावा.